पिस्तूल कोणते घ्यावे? आधी हिशेब मांडा



गेल्या दिवाळीनंतर कामानिमित्त मुंबईला गेलो होतो. मुक्काम लालबागला, चुलतभावाच्या मुलाकडे. हा पोरगा गावची चार एकर कोरडवाहू बटईने देऊन तिकडे गेला, त्याला पंधरा वर्षे झाली. आधी मिरची गल्लीत पोती उचलली, मग दुकानात तराजूवर बसला, आता स्वतःचा मसाल्याचा लहानसा धंदा करतो. रात्री दुकान बंद करायचे, दिवसाची रोकड पिशवीत टाकायची आणि गल्लीबोळातून चालत चाळीत यायचे, हा त्याचा नेम. गणपतीच्या आधी दोघांनी त्याला जिन्याखाली अडवले, चाकू लावला आणि पिशवी नेली.

जेवणे झाली. सूनबाई आत गेल्यावर त्याने हळूच विचारले, "काकाजी, मले एक पिस्तूल घ्याचं हाय. शर्टाच्या आत, कमरेले लावाचं. कोनतं घेऊ?"

मी हसलो नाही. त्याला रागावलोही नाही. ज्याच्या गळ्याला चाकू लागला त्याला अहिंसेचे प्रवचन देणे सोपे असते. ते पुढाऱ्यांनी करावे. मी म्हटले, बाबू, बियाणे घेताना आपण काय करतो? पिशवीवरचे चित्र पाहत नाही, हिशेब मांडतो. पिस्तुलाचाही मांडू. तो त्या रात्री मांडलेला हिशेब आज तुमच्यासमोर ठेवतो. आपल्या प्रत्येक गावातले दहा-पाच पोर मुंबईत आहेत, कोणी दुकानात, कोणी बँकेच्या दारात वॉचमन. हा प्रश्न आज ना उद्या तुमच्याही घरी येणार आहे.

हक्क आहे, यात शंका नको

स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क सरकारने दिलेली खिरापत नाही. तो आधीपासूनचा आहे, कायद्याने फक्त मान्य केला आहे. जुन्या दंड संहितेत तो कलम ९६ ते १०६ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. जिवावर बेतले तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा नव्हे. अट अशी, की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही.

पण हक्क मान्य करायचा आणि हत्यार हाती द्यायचे नाही, ही रीत गोऱ्या साहेबाची. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रांचा कायदा झाला. युरोपियनाला मोकळीक आणि हिंदी माणसाला परवाना, असा तो न्याय होता. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या चौकटीत का होईना, नागरिकाचा शस्त्र बाळगण्याचा हक्क लिहिला होता. स्वराज्य आले. १९४८ साली घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालावा अशी सूचना मांडली. डॉ. आंबेडकरांनी तिला विरोध केला आणि ती फेटाळली गेली. लक्षावधी माणसे फाळणीत मारली गेल्यानंतरचा तो काळ होता. त्या विरोधामागे कारण होते हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मग १९५९ चा शस्त्र कायदा आला. तो आजही चालू आहे.

थोडक्यात, परवाना-परमिटच्या राज्याची चीड आम्हाला आहे तशी या परवान्याचीही आहे. तरीही पुतण्याला मी पिस्तूल घे असे म्हटले नाही. का, ते आता सांगतो.

दुकानात काय मिळते

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे फोर्टकडच्या एका जुन्या बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, जाणता. त्याने कपाट उघडण्याआधीच परवाना विचारला. नाही म्हटल्यावर माल दाखवला नाही, माहिती मात्र भरपूर दिली.

सिनेमात दिसते ते ९ एमएमचे पिस्तूल साध्या नागरिकाला मिळत नाही, पॉइंट ३८ बोअरचे रिव्हॉल्व्हरही नाही. ही बोअरे बंदीच्या यादीत आहेत. फौज आणि पोलीस यांच्यासाठी. सामान्य माणसाच्या वाट्याला येते ते मुख्यतः पॉइंट ३२. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे रिव्हॉल्व्हर किंवा बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याचे पिस्तूल. परदेशी हत्यार खासगी माणसाने आणणे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून जवळपास बंदच आहे. म्हणून आजोबांच्या काळातले विलायती वेब्ली आजही सोन्याच्या भावात फिरते. बाजार बंद केला की जुन्या मालाला काय भाव येतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या चक्रात सहा गोळ्या. यंत्र साधे. एखादी गोळी फुसकी निघाली तर घोडा पुन्हा दाबायचा, पुढची गोळी समोर येते. पिस्तुलात गोळ्या थोड्या जास्त आणि अंगाला चपटे, म्हणून शर्टाखाली कमी दिसते. पण त्याचा खटका, त्याची सरकती पट्टी, अडकलेली गोळी काढणे, हे सगळे हाताला सवयीचे पाहिजे. म्हाताऱ्याचे म्हणणे, नवशिक्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावे. खिशात किंवा नुसते कमरेला खोचून ठेवू नये. घोडा पूर्ण झाकणारे चामड्याचे म्यान घ्यावे. आणि वर्षातून अनेकदा चांदमारीच्या मैदानावर जाऊन हात बसवावा, नाहीतर ते घेऊच नये.

त्याने सावधगिरीचा दाखलाही ताजा दिला. १ ऑक्टोबर २०२४ ला पहाटे जुहूला अभिनेता गोविंदा बाहेरगावी निघाला होता. परवान्याचे रिव्हॉल्व्हर ठेवताना गोळी सुटली आणि त्याच्याच पायात शिरली. ना चोर, ना दरोडा. घरातले हत्यार घरच्याच माणसाला लागले.

आता पैशाचा हिशेब. २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले. वजन सुमारे अर्धा किलो, किंमत १ लाख २२ हजारांच्या पुढे. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता क्विंटलला ४,०५० रुपये. म्हणजे बाईच्या अब्रूच्या रक्षणाला सरकारने लावलेला भाव होता तीस क्विंटल कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल धरले तर सहा-सात एकरांचे अख्खे पीक. कापूस वेचणाऱ्या बाईला सातजन्मात ते परवडणार नाही, आणि ज्या बाईला परवडते तिच्या दारात आधीच पहारेकरी उभा असतो.

काढायला वेळ कोण देणार?

समजा पैसे आहेत, परवाना आहे, हात बसला आहे. तरी पुढचा प्रश्न राहतो. चोर काय सांगून येतो?

१९८३ साली अमेरिकेतल्या एका पोलीस प्रशिक्षकाने साधा प्रयोग लिहून ठेवला. चाकू घेतलेला माणूस एकवीस फुटांवरून धावत सुटला तर दीड सेकंदात अंगावर येतो. म्यानातून हत्यार काढून नेम धरायला शिकलेल्या पोलिसालाही जेमतेम तेवढाच वेळ लागतो. आता लालबागच्या चाळीचा जिना डोळ्यासमोर आणा. तिथे एकवीस फूट मोकळी जागा आहे कुठे? पुतण्याच्या मानेला चाकू लागला तेव्हा दोघांत हातभराचे अंतर नव्हते. शर्ट वर करून पिस्तूल काढीपर्यंत पिशवी गेली असती, पिस्तूलही गेले असते, आणि बहुधा पोरगाही. आणि गोळी सुटलीच असती तर चाळीच्या पातळ भिंतीपलीकडे कोण झोपले होते, याचा विचार कोणी करायचा?

मुंबईचा इतिहासही हेच सांगतो. १९७० च्या जूनमध्ये याच लालबागेत गिरणी कामगारांचे लाडके आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई यांना मारले ते हत्यारांनी भोसकून. पुढे हत्यारे बदलली. ७ मे १९९४ ला महालक्ष्मीजवळ खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना गाडीत गोळ्या घातल्या. त्याच वर्षी २५ ऑगस्टला वांद्र्यात भाजपचे रामदास नायक यांना एके-४७ ने मारले. त्यांच्या सोबत सरकारी शस्त्रधारी पोलीस होता, तोही मारला गेला. १६ जानेवारी १९९७ ला पवईत डॉ. दत्ता सामंत गेले. १२ ऑक्टोबर २०२४ ला वांद्र्यात बाबा सिद्दीकी गेले, तेव्हाही पोलीस रक्षक सोबत होता. मारायला येणारा वेळ आणि जागा स्वतः निवडतो. ज्यांच्याजवळ शिकलेला, पगारी, बंदूकवाला माणूस उभा होता ते वाचले नाहीत. शर्टाखालचे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर काय वाचवणार?

उलट परवान्याचे हत्यार कुठे चालते ते पाहा. सप्टेंबर २०२२ मध्ये गणपती विसर्जनानंतर प्रभादेवीत दोन गटांची मारामारी झाली, गोळी झाडल्याचा आरोप झाला आणि एका आमदाराचे परवान्याचे पिस्तूल पोलिसांनी तपासासाठी ताब्यात घेतले. २ फेब्रुवारी २०२४ ला उल्हासनगरला थेट पोलीस ठाण्यातच एका आमदाराने गोळ्या झाडल्याचा गुन्हा नोंदला गेला. सहा दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, अभिषेक घोसाळकर यांना मारले ते पिस्तूल मारेकऱ्याच्या खासगी अंगरक्षकाचे होते, परवान्याचे. अटक त्या रक्षकालाही झाली. बँकेच्या आणि शेटजींच्या दारात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या आपल्या पोरांनी ही गोष्ट मनात कोरून ठेवावी. परवाना तुमच्या नावाचा, तर जबाबदारीही तुमच्याच नावाची.

गुंड पिस्तुलाने मोठा झाला नाही

मग मुंबईत ही बंदूक आली कुठून? शस्त्र कायदा तर १८७८ पासून आहे. गुंड परवाना काढायला आयुक्तांच्या कचेरीत रांग लावत नाही. त्याच्या भाषेत तो 'घोडा' असतो आणि तो चोरवाटेने येतो.

गुंडाला मोठे केले परमिटने. दारूबंदीने हातभट्टीवाला पोसला. १९६८ च्या सुवर्णनियंत्रण कायद्याने आणि आयातीवरच्या निर्बंधांनी सोन्याचा तस्कर पोसला. १९९० साली तो कायदा रद्द झाला, पुढच्या दोन-तीन वर्षांत आयात मोकळी झाली आणि सोन्याच्या तस्करीचे सुगीचे दिवस संपले. मग टोळ्यांनी डोळे वळवले जमिनीकडे. १९४७ च्या भाडे कायद्याने चाळी गोठलेल्या, १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने मोकळ्या जागा अडकलेल्या. आणि मधोमध गिरण्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला संप, सुमारे अडीच लाख कामगार आणि परत कधी धड न पेटलेली धुराडी. आपल्या रानातल्या कापसाच्या गाठी ज्या परळ-लालबागच्या गिरण्यांत सुटत होत्या, त्यांच्या जमिनीला कापडापेक्षा जास्त भाव आला. घरी बसलेल्या कामगाराच्या पोराला काम कोणी दिले नाही, टोळीने दिले. खंडणी, सुपारी, खोली रिकामी करणे ही नवी नोकरी झाली.

कापूस पिकवणारा इकडे बुडाला, कापूस कातणारा तिकडे बुडाला. दोघांच्या पोरांची गाठ लालबागच्या जिन्याखाली पडली. एकाच्या हाती पिशवी, दुसऱ्याच्या हाती चाकू. माझ्या पुतण्याला अडवणारे कोण होते मला ठाऊक नाही. पण ते चंद्रावरून आले नव्हते.

परळच्या माणसाला कोण मारते

आणखी एक हिशेब. २९ सप्टेंबर २०१७ ला परळ-एल्फिन्स्टनच्या रेल्वे पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ गेली. तिथे कोणाच्या कमरेला पिस्तूल असते तर काय उपयोग होता? भीती आपल्याला चोराची वाटते, मारते मात्र अरुंद पूल आणि बंद पडलेली बाहेरची वाट.

पिस्तुलाच्या परवान्यातली एक अटही ध्यानात ठेवा. खास परवानगीशिवाय ते जत्रेत, मिरवणुकीत किंवा सभेत नेता येत नाही. लालबागला गणपतीचे दहा दिवस म्हणजे जत्राच. निवडणूक आली की हत्यार ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. म्हणजे जेव्हा गर्दी आणि तंटा, तेव्हाच ते बाळगायचे नाही.

आणि एक गोष्ट, जी मायबहिणींना आधी कळेल. अमेरिकेत घरोघरी बंदूक आहे. तिथे बंदुकीने मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक स्वतःच्याच हाताने मरतात. ज्या मुलखात कर्जाच्या कागदाने आणि औषधाच्या डब्याने हजारो घरांचे कुंकू पुसले, त्या मुलखाच्या पोराच्या उशाशी भरलेले पिस्तूल ठेवायचे का? माझे उत्तर स्पष्ट आहे. नाही.

मग गिरगावच्या चौपाटीवर काय घडले?

कोणी म्हणेल, हत्याराशिवाय भ्याडासारखे जगायचे का? त्यांनी गिरगाव चौपाटीवर जाऊन यावे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, बारा वाजून गेल्यावर, सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे तिथे नाकाबंदीवर होते. हाती काठी. समोर कसाब आणि त्याची एके-४७. ओंबळ्यांनी बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली, गोळ्या अंगात घेतल्या आणि सोडली नाही. म्हणून सहकाऱ्यांना तो जिवंत सापडला. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले.

या गोष्टीतून शौर्य घ्याच. पण प्रश्नही विचारा. खेड्यातल्या पोराला सरकारने त्या रात्री काठी देऊन का उभे केले? नागरिकाचा जीव राखणे हे सरकारचे पहिले काम. ते काम अंगावर टाकून सरकार कापसाचे भाव पाडण्यात आणि साखरेचे कोटे वाटण्यात गुंतले. पोलिसाच्या हातची काठी आणि माझ्या पुतण्याच्या मनातले पिस्तूल, दोन्ही त्याच कर्तव्यचुकारपणाची पिल्ले आहेत.

आपल्या रानातली बंदूक

आता आपल्या घरचा विषय. रात्री जोंधळ्यात डुकरांचा कळप शिरतो, कपाशी रोही तुडवतात. शहरातल्या पिस्तुलाची चर्चा करताना हे विसरू नका की १९५९ च्या कायद्याने शेतकऱ्याला पिस्तूलवाल्यापेक्षा वरची पायरी दिली आहे. कलम १३ नीट वाचा. खऱ्याखुऱ्या पीक रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागितली आणि कायद्यातली नकाराची कारणे लागू नसली तर अधिकारी परवाना 'देईल' असे आहे. ठासणीची पुरणार नाही अशी खात्री झाली तर बारा बोअरसारखी दुसरी गुळगुळीत नळीची बंदूकही देऊ शकेल. पिस्तुलासाठी मात्र मागणाऱ्याने 'योग्य कारण' पटवून द्यायचे असते. प्रत्यक्षात काय होते? बिल्डरच्या आणि पुढाऱ्याच्या कमरेला पिस्तूल दिसते आणि डुकराने रान फस्त केलेला शेतकरी तहसीलच्या पायऱ्या झिजवतो.

तेव्हा हे पाठ करा. मालमत्ता पुरेशी नाही एवढ्या कारणावर परवाना नाकारता येत नाही, असे कलम १४ सांगते. नकार दिला तर कारण लेखी नोंदवावे लागते आणि ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. नकारावर वरिष्ठांकडे अपील करता येते. मात्र दोन गोष्टींचे भान ठेवा. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली वनखात्याची परवानगी वेगळी लागते. आणि बंदूक कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात, किल्ली शुद्धीत असलेल्या माणसाजवळ.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या गावात पीक रक्षणाचे किती अर्ज पडून आहेत, किती नाकारले आणि लेखी कारण कितींना मिळाले, ही यादी आणावी. ती यादी घेऊन जिल्हाधिकाऱ्यांसमोर उभे राहता येईल. नुसत्या भाषणाने होणार नाही.

पुतण्याचे काय झाले? त्याने पिस्तुलाचा नाद सोडला. पोलीस ठाण्यात तक्रार लेखी दिली आणि पोच घेतली. गल्ल्यावर मोबाईलने पैसे घ्यायची पाटी लावली, रोकड निम्म्याहून कमी झाली. उरलेली तो दुपारीच बँकेत भरतो. शेजारचे तीन दुकानदार आता एकाच वेळी दुकाने लावतात आणि मिळून घरी येतात. जिन्याखाली दिवा बसवला, त्याचा खर्च चाळीने वाटून घेतला.

निघताना तो म्हणाला, "काकाजी, तीस क्विंटल कापूस वाचला म्हना."

मी म्हटले, वाचला खरा बाबू. आता त्याला भाव मिळवायचा आहे.